ताईचे पाय, आवणीचा चिखल

ताई जुलैत पंधरा दिवसांसाठी परदेशातून घरी आली. पहिल्याच संध्याकाळी शेजारची काकी ओट्यावर येऊन बसली आणि तिनं सरळ विचारलं, "तिकडं काम काय करतेस गो तू?"

"बॉल खेळते, काकी."

"ते झालं. पण काम?"

"तेच काम."

"म्हंजे नुसतं पळायचं?"

"पळायचं आणि गोल मारायचा. मी फॉरवर्डला असते. सगळ्यांच्या पुढं."

काकीनं तिला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. मग म्हणाली, "आमी जलमभर पळतोय बाय, आमाला कोनी इमानात बसवलं नाय." सगळे हसले. ताई सगळ्यात जास्त हसली.

मी ताईची धाकटी बहीण. मुरबाडला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. ताई बारावीनंतर खेळाकडेच गेली, म्हणून आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. कॉलेजात मुली मला ताईबद्दल विचारतात. तिकडे कसं असतं, किती गोल केले, फोटो दाखव. मी फोटो दाखवते, पण बाकीचं मला नीट सांगता येत नाही. तिचा एकही सामना मी मैदानात बसून बघितलेला नाही. जे मी जवळून बघितलं ते हे पंधरा दिवसच, म्हणून तेच लिहिते आहे.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, धसईपासून आत आहे. ताई शहापूर तालुक्यात, किन्हवलीकडच्या एका निवासी शाळेत शिकली. तिथल्या सरांनी मुलींच्या हातात, म्हणजे पायात, फुटबॉल दिला. मग ती जिल्ह्याकडून खेळली, मग मुंबईच्या एका क्लबात गेली, मग गोव्यात, मग युरोपातल्या एका लहान शहरात. सांगताना एवढंच होतं. प्रत्येक 'मग'च्या आत काय काय होतं, ते तिनं आम्हाला फारसं सांगितलं नाही आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही.

एक गोष्ट मात्र तिनं आल्या आल्या सांगितली होती. तिचा एक वर्षाचा करार संपला होता. क्लबनं तिला नको म्हटलं नव्हतं, पण हो पण म्हटलं नव्हतं. परत ये, सुरुवातीचे दोन आठवडे सरावात बघू आणि ठरवू, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे ती घरी आली होती, पण सुट्टीवर नव्हती. रोज सकाळी उठून ती धसईच्या रस्त्यानं पळत जायची आणि पळत यायची. पाऊस असला तरी जायची. एसटीतली माणसं खिडकीतून मान वळवून बघायची. परत आली की ओटीवर चटई टाकून पाय ताणायची, आणि आई तिच्याकडे, दुखणेकऱ्याकडे बघावं तशी बघायची.

ती आल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी आई बांधावरून घसरली. हात टेकला आणि मनगट मोडलं. मुरबाडला नेऊन प्लास्टर घातलं.

इथे सावडीचं सांगायला हवं. आमच्याकडे आवणी, म्हणजे भाताची लावणी, अजून सावडीनं होते. आज सगळ्या जणी तुमच्या शेतात, उद्या आमच्या. ज्या घरानं जेवढी माणसं पाठवली, तेवढीच माणसं त्या घराच्या शेतात परत जायची. मजुरी कुणी कुणाला देत नाही. आमची आवणी आधीच उरकली होती, कारण आमची भाताची खाचरं ओढ्याजवळ आहेत, तिथे चिखल लवकर होतो. म्हणजे गावातल्या बायका आमच्याकडे येऊन गेल्या होत्या आणि आता आई आणि मी, अशा दोघींनी त्यांच्याकडे जायचं होतं. आईचा हात गळ्यात बांधलेला. त्या दिवसांत पैसे देऊनही माणूस मिळत नाही, कारण ज्याचा त्याचा चिखल तयार असतो.

रात्री जेवताना ताई म्हणाली, "मी जाते आईच्या जागी."

"तुजं डोकं फिरलंय का?" आई म्हणाली. "त्यापेक्षा हे जातील. टेम्पो ठेवतील चार दिवस उभा."

बाबा भाड्यानं टेम्पो चालवतात. ताईनं त्यांच्याकडे बघितलं. "तुमाला आवणी येते, बाबा?"

"येते की," बाबा म्हणाले. "फक्त वाकायला येत नाय."

आईला हसू आलं, पण तिनं विषय सोडला नाही. "तुला पाय जपायला सांगितलेत ना त्यांनी?"

"चिखलानं पायाला काय होतंय? लहानपणी नव्हतो का उतरत?"

आईला ते पटलं. मलाही पटलं. आपलाच चिखल, आपलेच पाय, असंच आम्हा सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी ताई खाचरात उतरली तेव्हा बायकांना गंमतच वाटली. पाठीवर प्लास्टिकची खोळ, परकर वर खोचलेला, आणि पोटऱ्या अशा की एक आजी म्हणाली, "हिला नांगराला जुपा गो, टिलरचं डिझेल वाचंल." ताईचा हात विसरला नव्हता. रोपाची मूठ डाव्या हातात धरून ती भराभर चार-चार काड्या रोवत होती. पण सवयीनं एकदा ती एक पाऊल पुढे आली, तेव्हा काकी ओरडली, "ए फारवर्ड! तिकडं पुढं पळायचं, हितं मागं सरकायचं. लावलेलं तुडवशील." मग दिवसभर तिचं नाव फारवर्डच पडलं. संध्याकाळी कंबर धरून घरी येताना मला ती खूप दिवसांनी आमच्यातली वाटली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पाय धुताना जरा जास्त वेळ मोरीत बसली. मी कंदील धरावा तसा मोबाइलचा उजेड धरला, तर बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी फटक पडून सोलली होती. टाचेजवळही भेगेतून लाल दिसत होतं. चिखल्या. आवणीत त्या सगळ्यांनाच थोड्याफार होतात, मलाही होत्या. पण आमचे पाय बारा महिने अनवाणी नाहीतर चपलेत. तिचे इतकी वर्षं मोज्यात आणि बुटात राहून आतून मऊ झाले होते. हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिच्याही नाही.

सकाळी तिनं बूट घालून बघितले. उजवा जेमतेम गेला. डाव्यात पाय घालताच तिनं ओठ दाबले आणि काढून ठेवला. मग ती चपला घालून पळायला गेली आणि धसईच्या अर्ध्या वाटेवरून चालत परत आली.

परत जायला आता आठवडाही उरला नव्हता. आई कुणाशी बोलेना. प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसायची आणि मधेच म्हणायची, "मी पडलेच नसते तर." ताई म्हणायची, "आई, पुरे."

फेडायचा एकच दिवस उरला होता, काकीच्या शेतातला. ताई म्हणाली, "एकाच दिवसासाठी सावड कशाला मोडायची? येते मी."

पण सकाळी काकी स्वतःच दारात आली. पदरात हिरड्याची फळं होती. तिच्या माहेरचे लोक टोकावड्याच्या वरच्या अंगाला डोंगरात हिरडा गोळा करतात. आमच्याच दगडावर तिनं हिरडा पाणी घालून उगाळला, ताईचा पाय ओढून मांडीवर घेतला आणि काळपट लेप बेचक्यांत भरला. ताई "आई गं" म्हणून ओरडली.

"वरड. चांगलं झोंबतंय म्हंजे लागू पडतंय," काकी म्हणाली. "हे आवणीला उतरायच्या आदी लावायचं असतं. आता मागनं लावतोय. तुजी आई इसरली, मी पन इसरले."

"मी येते काकी शेतात, लेप सुकला की."

"माज्या खाचरात पाय टाकलास तर तंगडं मोडीन. तुजा दिवस मी फिटला म्हनून धरला."

"असा कसा धरला? सावड आहे."

"सावड माजी हाय. मी म्हनते धरला."

पण ताई ऐकणारी नव्हती. ती आमच्याबरोबर आलीच, आणि पायाला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून बांधावर उभी राहिली. रोपांच्या मुठी खाचरात फेकायचं काम तिनं घेतलं. हे काम एरवी म्हातारे नाहीतर पोरं करतात. एकाच जागी ढीग टाकतात आणि बायका शिव्या देत उठून घेऊन येतात. ताई थोडा वेळ नुसती बघत राहिली. मग एकेक मूठ फेकायला लागली. प्रत्येकीच्या मागे, जरा अंतरावर. जी भराभर मागे सरकते तिच्यासाठी लांब, जी हळू तिच्यासाठी जवळ. हातातली मूठ संपायची आणि पुढची मूठ पायाशी असायची. मी वाकलेलीच होते, मला ती दिसत नव्हती, फक्त मागे थपकन आवाज यायचा. दुपारपर्यंत कुणाला कंबर सरळ करून चालत जावं लागलं नाही.

"हिला कोनी शिकवलं गो?" आजीनं विचारलं.

"हेच तर करते तिकडं," ताई बांधावरून म्हणाली. "माणूस जिथं आहे तिथं बॉल द्यायचा नाय. जिथं येणार आहे तिथं द्यायचा."

"मग तसं सांग ना," काकी म्हणाली. "आमाला वाटलं नुसती पळतेस."

काकीचं शेत त्या दिवशी लवकर उरकलं.

ताई गेली तेव्हा चिखल्या सुकल्या होत्या, पण पुरत्या नाही. मुरबाडच्या स्टँडवर कल्याणच्या गाडीत चढताना तिच्या पायात चपलाच होत्या. बूट बॅगेला बाहेरून बांधलेले.

दोन आठवडे तिचे फोन छोटे होते. "बरंय, जेवले, झोपते." मग एका दुपारी कॉलेजातून निघताना तिचा फोन आला. क्लबनं तिला ठेवलं नव्हतं.

मी विचारलं, "पायामुळे?"

"नाय गो. पाय बरे झाले होते. सरावातला पहिला सामना नाय खेळले, पुढचे खेळले. त्यांनी दुसरी घेतली. माझ्यापेक्षा लहान आहे, आणि जोरात पळते."

"खरं सांगतेस?"

"खरं." मग म्हणाली, "आईला पण असंच सांग."

खरं कारण मला अजूनही माहीत नाही. पहिला सामना ती खेळली असती तर काय झालं असतं, हे मी तिला विचारलं नाही. घरी येऊन मी आईला ताईनं सांगितलं तसंच सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "चालते कशी?"

सप्टेंबरात ताईला त्याच देशात खालच्या गटातला एक क्लब मिळाला, एका वर्षासाठी. त्यांचा पहिला सामना मोबाइलवर दिसणार होता. मी आईला घेऊन काकीच्या ओट्यावर बसले, तिथे रेंज बरी येते. कॅमेरा एकच, लांब खांबावर लावलेला. सगळ्या मुली बोटाएवढ्या आणि ताईच्या संघात सगळ्यांचे कपडे सारखे. मी एका मुलीकडे बोट दाखवून सांगत होते, ही बघ ताई, बघ कशी पळते.

"ती नाय," आई म्हणाली. प्लास्टर निघालेल्या हातानं तिनं पडद्याच्या कडेला बोट ठेवलं. "ही."

तेवढ्यात ती मुलगी वळली आणि पाठीवरचा आकडा दिसला. ताईच होती. बॉल दुसरीकडे होता आणि ती एकटीच मोकळ्या जागेकडे पळत होती. आई तिच्या पायांकडेच बघत होती. बॉल तिच्याकडे आला की नाही, याच्याकडे तिचं लक्ष नव्हतं.

"नीट टाकते पाय," आई म्हणाली.

"दुखत नाय आता?" काकीनं विचारलं.

"नाय दुखत. बघ ना, दोन्ही सारखे टाकते."

मग बऱ्याच वेळानं आईनं मला विचारलं, "कोन जिंकतंय?"

"अजून कोणीच नाही," मी सांगितलं.