मौलाली गुळव्याची बोटं

१९०७ साली कसबा बावड्याच्या मौलाली गुळव्याची दृष्टी पूर्ण गेली. आकाराम पाटलांनी आपल्या गुऱ्हाळावर त्याच्या जागी दुसरा गुळव्या ठेवला. तिसऱ्या दिवशी बायको हुसेनबी मौलालीचा हात धरून तिथे आली.

“मामू, काहिलीत पडायला आलाय व्हय? रंग कसा दिसायचा तुमास्नी?” पाटील म्हणाले.

“रंग ही सांगंल,” बायकोचा हात दाबत मौलाली म्हणाला. “पाक बोटांस्नी कळतोय की.”

नवा गुळव्या उकळत्या पाकाची काहील उतरवायला निघाला. मौलालीने थोडा पाक गार पाण्यात टाकून गोळी वळली. “मऊ हाय. थांबा.”

पाटलांनी नव्या गुळव्याला थांबवलं.

“हळदीगत पिवळा झाला,” हुसेनबी म्हणाली.

मौलालीने पुन्हा गोळी वळली. “उतरवा.”

गार झाल्यावर गुळाची ढेप टणक निघाली.

“मामी, उद्यापासनं दोघंबी या,” पाटील म्हणाले.

पुढे चौदा हंगाम ती काहील दोघांनी सांभाळली.