एडका सावलीला बांधणारे सासरे

लग्नाला सहा वर्षं झाली तरी पाळणा हलेना, आणि दोषी ठरले मी. गंडेदोरे, उपास, दर्गे, देव, सगळं सासूबाईंनी माझ्याकडूनच करून घेतलं. नवरा चिकलठाण्याच्या कारखान्यात, लोखंड तापवायच्या भट्टीवर. त्याच्याकडे बोट दाखवायची कुणाची छाती? शेवटी वेरूळकडची एक मुलगी त्याच्यासाठी पाहायला जायचं ठरलं. पुढं माझी रवानगी माहेरी होणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

आमचं घर पडेगावात, पिढीजात धंदा मेंढरांचा. सासरे अजून थोडी मेंढरं राखून होते. सून समोर आली की मान खाली घालायचे. सहा वर्षांत माझ्याशी सहा वाक्यंही बोलले नसतील. त्या सकाळी सगळे निघायच्या तयारीत असताना ते ओट्यावरून म्हणाले, "उन्हाळ्यात एडका तापला तर मेंढ्या गाभण ऱ्हात नाय. मंग आपण मेंढ्या इकतो, का एडका सावलीला बांधतो?"

नवऱ्याचं तोंड लालबुंद. मी चुलीपाशी पदर तोंडात कोंबून हसत होते की रडत होते, देव जाणे. मुलगी पाहायला कुणी गेलं नाही.

छावणी भागातल्या डॉक्टरांनी नवऱ्याची तपासणी केली. निकालाच्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरासाठी शहर बंद. त्याच लढ्यात तुरुंगात जाऊन आलेल्या त्या डॉक्टरांनी आम्हा नवरा-बायकोला आणि सासऱ्यांना घरी बोलावलं. त्यांच्या आईनं चहा दिला. आमच्यातलं कुणी तोवर बौद्धांच्या घरी चहा घेत नसे, याची आज लाज वाटते. सासऱ्यांनी बशीत ओतून निवांत घेतला.

डॉक्टर म्हणाले, "शरीरावर ताण आला की धावून येणारी काही प्रथिनं असतात. उष्णतेनं पेशीतली बाकीची प्रथिनं बिघडायला लागली की ही त्यांना सावरून धरतात. शुक्रजंतू घडताना तर त्यांचं काम फार मोठं. पण रोज आठ तास भट्टीपुढं उभं राहिल्यावर ती तरी किती पुरणार? भट्टी सोडून बघा. नवे शुक्रजंतू घडायला अडीच महिने लागतात. खात्री देत नाही, पण धीर धरा."

"व्हय, आमच्या एडक्याला बी जवळजवळ तेवढंच लागतं," सासरे म्हणाले. डॉक्टर खळखळून हसले.

नवऱ्यानं स्टोअरमध्ये बदली मागून घेतली. सोबतचे त्याला 'सावलीतले साहेब' म्हणून चिडवायचे. त्यानं ते मुकाट सोसलं, याचे उपकार मी विसरले नाही.

पुढच्या वर्षी मला दिवस गेले. त्या दिवशी सासऱ्यांनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "पोरी, तो भट्टीवर जायला लागला तवाच मला वाटलं व्हतं. लेकाचा इषय, जीभ उचलंना. तू लई सोसलंस."

राग आला, खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं! पण ते एकदा बोलले म्हणून मी या घरात होते. मी पाया पडायला वाकले. त्यांनी पाय मागं घेतले.