शोभेच्या उशा

माझी मावशी शिलाईचं काम करायची आणि रागावायची. दोन्ही कामं तिला सारखीच सुबक जमायची. गल्लीत तिला मागून ‘भडका’ म्हणत. ते तिच्या कानावर गेलं होतं आणि त्यावरूनही ती एकदा भडकली होती. तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे आमच्या काकांच्या, कानात ऐकू येण्याचं यंत्र होतं. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून त्यांचे कान गेले होते. मावशीचा आवाज चढला की ते शांतपणे यंत्राचं बटण बंद करायचे आणि वर्तमानपत्र उघडायचे. पण मी सांगतेय त्या भांडणात काकांनीही बटण चालू ठेवलं होतं. आणि ते भांडण माझ्याशी होतं.

सुरुवात माझ्या आईपासून झाली. आई पोस्टात काउंटरवर बसायची. तिचा डावा स्तन कॅन्सरमुळे काढावा लागला. दीड महिन्यात ती कामावर गेली, आत दोन रुमाल गुंडाळून ठेवून. एके दिवशी वरच्या फळीवरचं पार्सल काढताना ते रुमाल घसरत पोटावर आले. रांगेतला एक माणूस फिसकन हसला. आईने घरी येऊन ते मावशीला सांगितलं, आणि सांगताना तीही हसायला लागली, तसलं हसू जे मधेच तुटतं. मावशी हसली नाही. “कोण होता तो?” एवढंच तिने विचारलं. आईने नाव सांगितलं नाही म्हणून तिच्यावरच चिडली आणि तशीच मशीनवर जाऊन बसली.

आठ दिवस लागले. मऊ सुती ब्रा, आतून खिसा, आणि त्या खिशात बसणारा कापडी भराव. कापूस नुसता हलका पडतो, एक खांदा वर चढतो, म्हणून तिने भरावाच्या तळाला बारीक काचेचे मणी शिवून वजन जुळवलं. आईला आरशासमोर उभं करून ती मागून दोन्ही खांद्यांवर टेप धरायची आणि स्वतःशीच पुटपुटायची, “अजून चार मणी.” नवव्या दिवशी आई ते घालून कामावर गेली आणि वरच्या फळीवरून पार्सल काढलं.

हॉस्पिटलमधल्या एका नर्सने ते पाहिलं आणि मावशीकडे बायका येऊ लागल्या. खोलीचा पडदा ओढून मावशी मापं घ्यायची, आणि तेवढ्या वेळात तिचा आवाज कधीच चढायचा नाही. हे मी स्वतः ऐकलेलं आहे, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. मग लांबच्या गावांहून चिठ्ठ्या येऊ लागल्या. कुणाला प्रवास झेपत नव्हता, कुणाला परक्या बाईसमोर कपडे काढायची लाज वाटत होती. मी छापखान्यात जाहिराती मांडायचं काम करते, वेबसाइट बनवायला थोडंफार येतं. मी म्हटलं, “मावशी, आपण दुकान नेटवर टाकू. मापं कशी घ्यायची ते चित्रांनी समजावू. पैसे कार्डाने येतील.”

दोन रविवारांत साइट उभी राहिली. फोटो सगळे लाकडी पुतळ्यावर काढले, एकही जिवंत बाई नाही. उरलं होतं पैसे घेणारी कंपनी निवडणं. मला वाटलं, हे तासाभराचं काम. मी तीन कंपन्यांचे दर, पैसे खात्यात यायचे दिवस, परताव्याचे नियम असं सगळं कागदावर मांडलं आणि सगळ्यात स्वस्त, सगळ्यांना माहीत असलेल्या कंपनीत अर्ज केला.

सहा तासांत उत्तर आलं. मी मावशीच्या खोलीत उभी राहून मोठ्याने वाचलं, “आपला व्यवसाय आमच्या निषिद्ध यादीत मोडतो. प्रकार, प्रौढांसाठीचं साहित्य.”

मावशी कापड कापत होती. “प्रौढ म्हणजे मोठी माणसंच ना?”

“हो.”

“मग बरोबरच आहे की. लहान मुलींना कशाला लागेल?”

“तसं नाही मावशी.” मी काकांकडे बघितलं, ते वर्तमानपत्रात. “म्हणजे... अश्लील. तसली चित्रं, तसल्या वस्तू. त्यांच्या मशीनने साइट वाचली असणार. ब्रा, स्तन असे शब्द दिसले की...”

तिने कात्री खाली ठेवली. एरवी ती कात्री हातात धरूनच ओरडते. “वाच परत,” ती म्हणाली. मी वाचलं. “म्हणजे तुझी आई,” ती म्हणाली, “अश्लील आहे.”

त्या दुपारी तिने कंपनीच्या मदत-खिडकीत माझ्याकडून अकरा संदेश टाइप करून घेतले. प्रत्येकाला तत्काळ उत्तर यायचं, “आपली अडचण आम्हाला समजली आहे. आणखी काही मदत हवी आहे का?” अकराव्यानंतर मावशी स्क्रीनकडे बोट रोखून म्हणाली, “याला काहीही समजलेलं नाही. याला लाज वाटेल असं काहीतरी लिही.” मी म्हटलं, “मावशी, ते यंत्र आहे.” “मग यंत्र बनवणाऱ्याला लिही!” पण तो पत्ता कुठेच नव्हता. ती संध्याकाळभर मशीन इतकी जोरात मारत होती की दोन सुया मोडल्या.

चूक मी इथे केली. अकरा बायका वाट बघत होत्या, त्यातली एक दर दोन दिवसांनी ‘कधी सुरू होईल?’ विचारत होती. दुसऱ्या कंपनीचा अर्ज भरताना मी व्यवसायाची यादी उघडली. तिथे ‘गृहसजावट’ होतं. मी ते निवडलं. वर्णनाच्या चौकटीत लिहिलं, ‘हाताने शिवलेल्या शोभेच्या उशा’. साइटच्या पहिल्या पानावर थोडी झाकपाकही केली. दहा मिनिटांत मंजुरी आली.

मी मावशीला फक्त एवढंच म्हटलं, “जमलं.”

तिचा चेहरा असा फुलला की मी पुढचं सांगूच शकले नाही. “बघितलंस?” ती काकांना म्हणाली. “खडसावलं की बरोबर ऐकतात!” तिला वाटलं, तिच्या अकरा संदेशांनी काम केलं. मी ते तसंच राहू दिलं.

तीन आठवडे सगळं सुरळीत. चौदा पार्सलं गेली. मग एका निवृत्त मुख्याध्यापिकेला बँकेचा संदेश आला, ‘शोभेच्या उशा, खरेदी’. त्यांनी कसल्याच उशा मागवल्या नव्हत्या. कुणीतरी कार्डावर हात मारला असं समजून त्यांनी बँकेत तक्रार केली. बँकेने कंपनीला विचारलं, कंपनीतल्या कुणीतरी साइट नीट उघडून पाहिली, आणि खोटी माहिती दिल्याबद्दल आमचं खातं कायमचं बंद झालं. पार्सल हातात पडल्यावर मुख्याध्यापिकाबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी मावशीला फोन केला. त्या रागावल्या नव्हत्या, त्या फक्त म्हणाल्या, “बाई, मी उशी मागवली नव्हती हो.”

मी संध्याकाळी छापखान्यातून परस्पर तिथे गेले तेव्हा मावशी मशीनसमोर बसली होती आणि मशीन बंद होतं. काका खुर्चीत, वर्तमानपत्र घडी घालून मांडीवर.

“तू काय लिहिलंस त्या अर्जात?”

मी सांगितलं.

“शोभेच्या,” ती म्हणाली. “तुझ्या आईला मी काय बसवलं ग? शोभेची उशी?”

“मावशी, अकरा बायका थांबल्या होत्या. अर्जात काय नाव लिहिलं याने त्यांना काय फरक पडतो?”

“फरक पडत नसता तर मला सांगितलं असतंस!”

मीही आवाज चढवला. म्हटलं, मी दोन रविवार फुकट घालवले, रात्रंदिवस डोकं लावलं, तुला नुसतं ओरडता येतं, दुकान ओरडून चालत नाही. ती उभी राहिली.

“त्या लोकांनी म्हटलं, ही घाण आहे. तू म्हटलंस, ही शोभा आहे. जे आहे ते म्हणायला एकाचीही जीभ वळत नाही! तो रांगेतला माणूस हसला ना, तो बरा. निदान त्याने काय बघितलं ते त्याला कळलं होतं. जा. हो बाहेर.”

मी काकांकडे बघितलं. मला वाटलं, ते काहीतरी सावरून घेतील. ते म्हणाले, “या वेळी तिचं बरोबर आहे.”

घरी येऊन मी आईपुढे सगळं ओकलं. मावशी कशी अशीच आहे, कुणाचं ऐकत नाही, वगैरे. माझी आई आवाज चढवणारी बाई नाही. पोस्टात तीस वर्षं लोकांच्या शिव्या तिने तिकिटांबरोबर मोजून घेतल्या. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मला विचारलंस का तू, उशी लिहू का म्हणून?” आणि आत जाऊन दार लावून घेतलं. लहानपणापासून तिने माझ्यावर दार लावल्याचं मला आठवत नाही.

पुढचं मला काकांकडून कळलं, कारण मावशी माझ्याशी बोलत नव्हती. काकांनी तिला पैसे घेणाऱ्या कंपन्यांची यादी काढून दिली, फोन नंबरांसकट. दर वगैरे तिने पाहिलेच नाहीत. ती एकेका कंपनीला फोन लावायची आणि एकच विचारायची, “तुमच्याकडे फोन उचलणारं माणूस आहे का, आणि त्याला स्तन हा शब्द उच्चारता येतो का?”

पहिल्याने फोन ठेवला. दुसरीकडे ‘एक दाबा, दोन दाबा’ करत अर्धा तास गाणी ऐकवली. तिसरीकडची मुलगी म्हणाली, “मॅडम, असले शब्द वापरू नका, कॉल रेकॉर्ड होतोय.” मावशीने तो शब्द ओळीने दहा वेळा म्हटला आणि म्हणाली, “कर रेकॉर्ड!” असं सहा ठिकाणी झालं. सातवी कंपनी अगदी लहान होती. तिथे एका खोकणाऱ्या, वयस्कर माणसाने फोन घेतला.

“येतो उच्चारता,” तो म्हणाला. “स्तन. पुढे बोला.”

मावशीने सगळं सांगितलं, उशांसकट.

“आमचे दर जास्त आहेत,” तो म्हणाला.

“का?”

“फोन मी उचलतो म्हणून. आणि तुम्हाला सर्जनचं पत्र आणावं लागेल, की या वस्तू ऑपरेशननंतर वापरायच्या आहेत.”

“शिवते मी, आणि पत्र त्याचं? त्याला साधा हुक लावता येतो का?”

“नसेल येत. पण बँकेला माझा शब्द पुरत नाही, तुमचाही पुरत नाही. पत्र आणा.”

ती त्याच्याशी वीस मिनिटं भांडली. त्याने फोन ठेवला नाही, मधे मधे खोकत तो उलट भांडला. फोन खाली ठेवून ती काकांना म्हणाली, “हाच.”

पत्रासाठी ती हॉस्पिटलमध्ये गेली आणि सर्जनच्या दारासमोर तीन तास बसली. त्याने वर न बघता दोन ओळी खरडल्या आणि कागद पुढे सरकवला. मावशी उठली नाही. “तुम्ही काढता, जीव वाचवता, उपकार आहेत,” ती म्हणाली. “पण नंतर ती बाई या दारातून बाहेर कशी जाते, ते कधी उठून बघितलंय?” सर्जनने मान वर केली. कागद परत ओढून त्याने खाली शिक्का मारला, जो तो विसरला होता. मावशी येताना जिन्यात रडली, असं तिच्याबरोबर गेलेल्या त्या नर्सने आईला सांगितलं. मावशीला विचारलं तर ती म्हणेल, जिन्यात फिनेलचा वास होता.

अर्जात तिने स्वतःच्या हाताने, शाळेतल्यासारख्या ठळक अक्षरांत लिहिलं, ‘स्तन काढलेल्या स्त्रियांसाठी ब्रा व भराव’. मंजुरीला नऊ दिवस लागले. शेवटी त्या खोकणाऱ्या माणसाने विचारलं, गिऱ्हाइकाच्या बँकेच्या संदेशात काय नाव दिसू दे? मावशी म्हणणार होती, तेच, पूर्ण. पण तिने आधी मुख्याध्यापिकाबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “नुसतं तुमच्या दुकानाचं नाव पुरे, बाई. माझा संदेश माझा मुलगा वाचतो.” खोटं नको होतं, तशी दवंडीही नको होती. मावशीने तसंच सांगितलं.

मी दोन महिन्यांनी गेले. माफी मागायची म्हणून वाक्यं जुळवून गेले होते. खोलीत टेबलावर वीस-बावीस खोकी रचलेली, काका एकेकाला टेप लावत होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशीने पत्त्यांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या हातात कोंबला. मी चिकटवायला लागले. थोड्या वेळाने तिने माझं एक खोकं उचलून डोळ्यांसमोर धरलं.

“हे काय चिकटवलंस? वाकडं! छापखान्यात डोळे मिटून काम करतेस का ग? पोस्टातल्या माणसाने मान तिरकी करून वाचायचं का? काढ, काढ ते, परत लाव!”

काकांनी कानाकडे हात नेला आणि बटण बंद केलं. मी चिठ्ठी नखाने सोडवत बसले.