बर्फातला ताप

सिल्वासाच्या आमच्या शाळेत प्रयोगशाळेचे शिपाई धुळ्याकडचे होते. काहीही सांगितलं की म्हणायचे, "बराबर, मॅडम." मुलींनी उकळत्या पाण्याचं तापमान एकशे तीन लिहिलं म्हणून मी वह्यांवर लाल फुल्या मारल्या, तेव्हा मात्र ते शाळेचा थर्मामीटर उजेडात धरून निरखू लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजेक्शनची छोटी बाटली, रिकामी रिफिल आणि रेशनचं निळं रॉकेल घेऊन थर्मामीटर बनवला. गोळेवाल्याकडच्या बर्फात शून्याची खूण केली, उकळत्या पाण्यात शंभराची. मग शाळेचा थर्मामीटर त्याच बर्फात बुडवला. तो तीन दाखवू लागला.

"मॅडम, याले तं बर्फात बी ताप आहे!"

मला हसू आवरेना. मी वह्या परत मागवल्या. मी एकेक फुली खोडत होते आणि ते शेजारी उभे राहून फुंकर मारत शाई वाळवत होते.