हिटलर सरांचा सत्कार

माह्यं नाव जया. पण आर्णीत हे नाव विचारत फिराल तं कोणी घर दाखवणार नाही. हिटलरीण म्हणा, पोट्टे दारापर्यंत आणून सोडतील. नळावरच्या बायाईनं दिलेलं हे नाव मी चाळीस वर्षं वागवून राह्यली. कारण आमचे हे. हेडमास्तर होते, हातात कायम रूळ. गावानं याईले हिटलर सर म्हटलं अन् याईनं ते बक्षीस मिळाल्यावानी मिरवलं. पंगतीत कोणी नवीन भेटला की छाती फुगवून सांगत, "मले हिटलर म्हणतात." माह्या अंगाची लाहीलाही होये.

यंदा जुन्या विद्यार्थ्याईनं याईचा सत्कार ठरवला. त्याच्या आधी आम्ही महिनाभर पोराकडं, इंद्रजितकडं, जर्मनीले गेलतो. तिथंही याईचं एकच तुणतुणं: मंडप केवढा राहील, हार कोण घालील, भाषणात काय बोलू. मले तं वीट आला.

एका दिवशी इंद्रजित आम्हाले गाइडसंगच्या सहलीत घेऊन गेला. म्युनिकजवळ डाखाऊ म्हणून जागा हाय. हिटलरच्या राज्यात तिथं माणसं कोंडून कोंडून मारले. गाइड बाईनं एक मोठं उघडं मैदान दाखवलं. कैद्याईले इथं तासन्‌तास हजेरीले उभं करत, थंडीत, अंगावर धड कपडा नाही. पडला त्याले झोडपत. इंद्रजित मले हळूहळू मराठीत सांगत होता.

याईले वाटलं, आपला विषय आला. इंग्रजीत ठणकावून सांगितलं, "मीबी शाळेत अशीच हजेरी घेत होतो. पोरं मले प्रेमानं हिटलर म्हणतात." अन् हसले. एकटेच.

वीस-पंचवीस माणसं जागच्या जागी थांबले. गाइड बाईचा चेहरा पांढराफटक पडला. इथं हे नाव कोणी मानानं घेतलेलं मी खपवून घेणार नाही, म्हणाली. मग काठी टेकत एक बुढा पुढं आला. त्याचा काका इथंच मेला होता. त्यानं याईच्या डोळ्यात पाहून काहीतरी विचारलं. इंद्रजितनं मान खाली घातली.

"सांग, काय म्हणते तो," मी म्हटलं.

"म्हणतात, हे नाव पडावं असं तुम्ही त्या पोराईले काय करत होते?"

याईनं चष्मा काढून पुसायले घेतला. सगळे पुढं निघून गेले. परतीच्या बसमध्ये याईच्या बाजूची सीट रिकामीच होती. मीबी नाही बसली.

तिथं मेलेल्याईची अन् याईच्या रुळाची बरोबरी नाही, इतकं मले समजते. पण बुढ्याचा प्रश्न मी कधी विचारला नव्हता, याचाच मले संताप आला. सातवीतल्या ओमच्या बोटावर याईनं रूळ हाणला अन् ते बोट कायमचं वाकडं झालं. मी तेव्हा हळदीचा लेप लावून दिला अन् गप बसली.

आर्णीत उतरलो तं स्टँडसमोर याईचा दहा फुटी फ्लेक्स: 'आपले लाडके हिटलर सर'. सत्कार दोन दिवसांवर. सामान माह्यापाशी टाकून हे तडक फ्लेक्सच्या दुकानात. मीबी मागं मागं. दुकान ओमचंच, त्याच ओमचं.

"ते काढ," हे म्हणाले. "नाव बदल."

"काहून सर? तुम्हीच तं सांगत फिरत होते."

"काढ म्हणतो ना!" जुन्या सवयीनं हात वर गेला. ओम हलला नाही.

"मारा," म्हणाला. "पण आता मीबी मारीन."

हात खाली आला. ओमनं कीबोर्ड पुढं ओढला. चार बोटं बरोबर टेकले, एक वरच राह्यलं. याईची नजर त्याच्यावर अडकली.

"हे... मी केलं?"

"सातवीत."

"तू कधी बोलला नाही."

"तुम्ही कधी विचारलं? अन् आता कायले विचारता? सांगा, नाव काय टाकू?"

"माह्यं."

"तेच तं. काय हाय तुमचं नाव? खरंच याद नाही सर. सगळे हिटलरच म्हणत."

हे माह्याकडं पाहू लागले. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नातल्या उखाण्यानंतर ते माह्या तोंडून निघालं नव्हतं. पण आता कसला मान अन् कसलं काय!

"लिही," मी म्हटलं. "नानाजी उकंडाजी ढवळे."

ओमनं टाइप केलं, पाहिलं अन् मान हलवली. "काकू, या नावानं मंडपात कोण येईल? या माणसाले कोणीच ओळखत नाही."

"मीबी नाही ओळखत," मी म्हटलं. "छाप."