भाऊंच्या ढिगातली नानेटी

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. मुलुंडच्या आमच्या सोसायटीची टिंगल करण्यात मी कायम पुढे. भाऊंच्या ढिगापाशी आलो की मात्र विषय बदलायचो.

भाऊ तळमजल्यावर राहायचे, माझ्याच गावचे. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी इमारतीमागे अळू लावलं, तोंडलीचा वेल चढवला. कोपऱ्यात पालापाचोळा, भाजीची देठं आणि तबेल्यातलं शेण टाकून खताचा ढीग केला. आत हात घातला तर पावसाळ्यातही ऊब लागायची. त्या उबेत नानेटी अंडी घालायची. बोटाएवढा जाड, पाठीवर दोन पिवळसर पट्टे असलेला, बेडकं खाणारा गरीब साप. गावी लहानपणी आम्ही तो गळ्यात घालून हिंडायचो.

ऐंशीच्या दशकातल्या एका श्रावणात ती चेअरमनच्या बायकोला दिसली आणि कमिटी भरली. कमिटी म्हणजे घरी लेंग्यालाही इस्त्री करणारे आणि पाल दिसली की बायकोला हाक मारणारे बँकवाले, विमावाले.

"नागच आहे! हिने फणा पाहिलाय," चेअरमन म्हणाले. "ढीग उकरा आणि जाळा."

"अहो, पण उद्या नागपंचमी," खजिनदार दचकले. "जमीन खणत नाहीत."

"मग परवा खणू." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

भाऊंना बोलावलंच होतं. ते माझ्याकडे वळले. "अरे, तू सांग ह्यांका. तू गावचो. नानेटी कधी कोणाक चावली?"

मी नुकताच सेक्रेटरी झालो होतो. चेअरमन मला साहेब म्हणू लागले होते, आणि त्या खोलीत मला गावचा व्हायचं नव्हतं. शुद्ध मराठीत म्हणालो, "सापाचं काय सांगता येतं, भाऊ?"

नागपंचमीला घरोघरी पाटावर चंदनाचे नाग निघाले. दूध, लाह्या झाल्या. कुणी विळीवर भाजीसुद्धा चिरली नाही. दुसऱ्या दिवशी हीच धर्मात्मा मंडळी काठ्या घेऊन मागे जमली. ढीग उकरला तर नानेटी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसलेली. पळालीही नाही. मारायची वेळ आली तेव्हा सगळे वीर मागे सरकले आणि वॉचमनला पुढे ढकललं. मग रॉकेल ओतलं. ओला ढीग धड पेटेना, दिवसभर नुसता धुमसत राहिला.

"तुमच्याच भल्यासाठी हां, भाऊ!" चेअरमन म्हणाले. भाऊ मागच्या दारात उभे होते. ते चेअरमनकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

अळवाच्या जागी लाद्या आल्या, लाद्यांवर स्कूटर. पहिली माझीच. दिवाळीच्या आत भाऊ कायमचे गावी निघाले. त्यांची ट्रंक मी रिक्षापर्यंत उचलून नेली, तेवढीच माझी मर्दुमकी.

"पोचलात की कळवा," मी म्हणालो. तिथेही शुद्ध मराठीत.

म्हणायचं होतं ते निराळंच: भाऊ, माका म्हायत होता. ती नानेटीच होती. मी चुकलंय.