बावखलाची कविता आणि एक मृत्यू

नवऱ्याने मेलेल्या बायकोला फसवलं आणि मराठीच्या एका प्राध्यापकाने कोर्टाला. नावं घेत नाही. पण पोलीस खात्यातून निवृत्त झालो तरी ते प्रकरण घशात अडकलेलं आहे.

नंदाखाल गावच्या एका वाडीत, बावखलात, तरुण शिक्षिकेचं प्रेत सापडलं. बावखल म्हणजे आमच्या वसईकडचं वाडीतलं तळं. केळी-नारळ त्याच्यावरच जगतात. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली. पंचनामा चालू असतानाच नवऱ्याने मोबाईल पुढे केला. गावच्या मंडळाच्या अंकात तिची कविता छापून आली होती, तिच्यातल्या दोन ओळी:

बावखला, मला पोटात घे,
तळाशी निवांत कुजू दे.

"साहेब, हिच्या मनात कधीचं होतं," तो म्हणाला.

मी लहानपणी बाजारात भाजी विकलेला माणूस. न विचारता चांगला माल वर दाखवणाऱ्याच्या टोपलीत खाली काय असतं, ते मला ठाऊक आहे. पण वरिष्ठांना आत्महत्या पटली. नवऱ्याच्या ओळखीच्या प्राध्यापकांनी लेखी अभिप्रायही दिला: कवितेत मृत्यूची स्पष्ट ओढ आहे.

मुलीची आई खाडीकाठच्या गावची. ठाण्याच्या बाकावर येऊन बसायची. "जीव देनारी नव्हती ती, साहेब. लोक म्हनतात, आईनं हेच शिकवलं काय. तेवढा डाग पुसा. दुसरं काय मागत नाय."

मग वाडीशेजारच्या एका बाईचा फोन आला. "त्या सकाळी डंपर राडारोडा भरून आला नि भरलेलाच परत गेला. कोणी अडवल्याशिवाय जातो काय, साहेब?" चौकशी केली. बावखल बुजवून जागा विकायचा घरात घाट होता. आड येत होती ती सूनच.

नवऱ्याला बोलावलं. चहा मागवला आणि वाडीचं कौतुक सुरू केलं.

"केळीला काय घालता हो?"

"गाळ. बावखलातला."

"शेणखत नाही?"

"गाळापुढे शेणखत काय, साहेब! पाला पडतो, तळाशी कुजतो. वैशाखात पाणी खाली गेलं की उपसायचा नि केळीच्या बुंध्याशी घालायचा. पोरवयापासून मीच उपसतोय."

"मग आता बायकोची कविता पुरी म्हणा."

त्याने कप खाली ठेवला. मी अंक उघडून पुढच्या ओळी वाचल्या:

वैशाखात मला वर काढ,
केळीच्या बुंध्याशी घाल.

"बोलतंय कोण इथे? तुझी बायको, की गळून पडलेला पाला?" मी टेबलावर हात आपटला, चहा सांडला. "प्राध्यापकाला गाळ माहीत नसेल. तुला माहीत होता, हरामखोरा!"

तो म्हणाला, "डंपरपुढून हटेना. ओढाताण झाली. घसरून बावखलात पडली ती. मी... काढलं नाही."

पोलिसांसमोरची कबुली कोर्टात टिकत नाही. तो उलटला, डंपरचालक फितूर झाला. बचावाने प्राध्यापकांना उभं केलं. शपथेवर त्यांनी तोच अर्थ सांगितला. सरकारी वकिलांनी चारही ओळी पुढे ठेवल्या, तेव्हा म्हणाले, "अर्थ वाचकागणिक बदलतो." संशयाचा फायदा मिळून आरोपी सुटला. बावखलही बुजलं.

आयुष्यभर जबाब घेतले. जबाबात 'मी' म्हटलं की पाठोपाठ नाव, वय, राहणार येतं. कवितेतला 'मी' नाव सांगत नाही. तो कोण, हे शेजारच्या शब्दांना विचारावं लागतं. मरणाची ओढ असती तर तिने 'मिटू दे' लिहिलं असतं, 'विरू दे' लिहिलं असतं. तिने 'कुजू दे' लिहिलं, कारण कुजल्याशिवाय खत होत नाही. ते शब्द वाडीचे आहेत, सरणाचे नाहीत. बावखल वाचवायला लिहिलेली कविता बावखल बुजवणाऱ्यांनीच तिच्या मरणावर पांघरली.

गावात आजही तिला जीव दिलेली म्हणतात. आई चर्चा सुरू झाली की उठून जाते.

प्राध्यापक महाशय, अर्थ वाचकागणिक बदलतो, तर तुम्ही एकच अर्थ सही करून कसा दिलात? पुढच्या ओळी का मागितल्या नाहीत? मला सांगू नका. त्या आईच्या ओटीवर जाऊन बसा आणि तिला उत्तर द्या.